उंबऱ्यातला मासा

बापू, तुमचं पत्र अजून माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्येच पडून आहे. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. कंपनीच्या व्हॅनवर नवा ड्रायव्हर आलाय. केरळचा आहे, वेळेवर येतो, गाडी तुमच्यापेक्षा बरी चालवतो (हे मी तुम्हाला तोंडावरही सांगितलं असतं), आणि अल अझीझियातल्या घरांपासून वेस्ट बेमधल्या ऑफिसपर्यंत एक अक्षर बोलत नाही. मागे बसणाऱ्या तिघांच्या कानांत नेहमीसारखी इअरफोनची बोंडं असतात. मी पुढच्याच सीटवर बसते. सिग्नलला गाडी थांबली की वाटतं, आता तुम्ही म्हणणार, "तर ताई, काल कुठपत्तर आलो हुतो?"

चिंचेपर्यंत आलो होतो, बापू. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या तुमच्या गावच्या चिंचेपर्यंत. तिच्या फांद्यांत मोठा मासा अडोशाला बसतो आणि गळ अडकू न देता त्याला बाहेर कसा काढायचा, ते तुम्ही सांगणार होतात. मध्येच माझा फोन वाजला आणि ते राहून गेलं.

चार वर्षं रोज सकाळी पाऊण तास तुम्ही मला मोठा मासा कसा धरायचा ते शिकवलंत. मी मासे खात नाही, गळ कधी हातात धरलेला नाही, आणि तुमचं धरण या आखातातून समुद्रापलीकडे. पण तुम्हाला माझं मासे न खाणंच पसंत होतं. "खानाराला घाई असती," म्हणायचात.

आपली ओळख माझ्या भांडणामुळे झाली. नोकरीचा पहिला आठवडा होता. साइटवरच्या एका माणसानं स्लॅबची मापं चुकीची पाठवली होती आणि मी फोनवर त्याला हिंदी-इंग्रजीत झाडत होते. फोन ठेवला तर तुम्ही समोर बघतच म्हणालात, "ताई, लई जोरात हिसकलंत. ओठ फाटला असंल त्याचा." माझ्याशी मराठीत कुणी बोलेल याची मला कल्पनाच नव्हती, आणि तेही असं काही. मी रागानं विचारलं, "कुणाचा ओठ?" मग तुम्ही कटला माशाचा ओठ सांगितलात. किती नाजूक असतो, लहान मासा हिसक्यानं उडून काठावर येतो पण मोठा मासा हिसका दिला की ओठ फाडून निघून जातो, म्हणून खांद्यानं ओढायचं नाही, मनगटानं उचलायचं. स्टिअरिंगवरचा एक हात काढून तुम्ही ते मनगट करूनही दाखवलंत. मागून हॉर्न वाजायला लागले होते.

त्या दिवशी दुपारी मी त्या माणसाला परत फोन केला आणि नीट बोलले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही फार शेफारला असतात.

बाकीचं सगळं मला पाठ आहे. लहान मासे जिथे उड्या मारतात तिथून उठायचं, कारण तिथे दिवसभर लहानच लागणार. गळाला लावायचा पेंडीचा गोळा लिंबाएवढा करायचा. सुपारीएवढा केला तर सुपारीएवढाच मासा येणार. काठाजवळ टाकायचं नाही, जुन्या नदीचं पात्र जिथे एकदम खोल जातं त्या कडेवर टाकायचं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. लहान लागला तर सोडून द्यायचा, आणि सोडताना हात ओला करून सोडायचा. आणि थांबायचं. तरंगा हलला तरी थांबायचं, बुडाला तरी एक श्वास थांबायचं, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तिरपा पळायला लागला की मगच मनगट. या थांबण्यावर तुमचा फार जोर होता. त्या 'थांबायचं'वरूनच मी तुमचा घात केला, ते पुढे सांगते.

तुम्ही बारा वर्षांचे असताना धरणाचं पाणी गावात आलं. त्यानंतर तुमची भोईवाड्यातली सगळी माणसं त्याच पाण्यावर होड्या घालून मासे धरायला लागली, म्हणजे आपल्याच घरांवरून. त्यामुळे कुठला मासा कुठे असतो याचा तुमचा पत्ता घराघरांचा होता. शाळेच्या ओट्यावर रोहू. विहिरीच्या तोंडाशी वाम. तालमीच्या भिंतीलगत मरळ, पण पिलं घेऊन असली तर तिला हात लावायचा नाही. मी ऑफिसात नकाशे आणि मापं घेऊन बसणारी बाई, पण तुमच्यासारखा नकाशा कुणी मला दिला नाही. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, तरी डोळे मिटून मी तालमीपासून तुमच्या घरापर्यंत जाऊ शकते.

तुमच्या घराचा उंबरा दगडी होता. भिंती मातीच्या, त्या विरघळल्या. उंबरा आणि दोन चौकटीचे दगड राहिले. तुम्ही इकडे यायच्या आधीच्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं होतं, उंबऱ्यावर जेमतेम छातीभर राहिलं होतं. तुम्ही होडीतून तिथे गळ टाकलात, आणि मोठा कटला लागला. इतका मोठा की होडी फिरली. तुम्ही हिसका दिलात. आणि गळावर ओठाचा एक तुकडा राहिला. "माज्याच उंबऱ्यातनं ग्येला," तुम्ही म्हणायचात. शिकवण्यातला सगळा शहाणपणा त्या एका चुकीतून आला होता, हे कळायला मला वर्ष लागलं.

"बापू, एकोणीस वर्षं झाली त्याला. इतकी वर्षं मासा जगतो का?"

"न्हाई जगला तर नातू असंल त्याचा. घर थोडंच सोडत्यात?"

पण तुमची सुट्टी कायम दिवाळीला. दिवाळीत धरण तुडुंब. एकोणीस वर्षांत पाणी उतरलेलं तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत. उन्हाळ्यात इथल्या साहेब लोकांची कुटुंबं मायदेशी जायची, विमानतळाच्या फेऱ्या वाढायच्या, आणि ड्रायव्हरला सुट्टी नाही म्हणजे नाही. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, यंदा खलास, आता जातो. दर वर्षी कराराच्या नव्या कागदावर सही करायचात. मी हसायचे. मीही तेच करत होते, पण माझ्याकडे ते लपवायला चांगले इंग्रजी शब्द होते.

शुक्रवारी सकाळी अझीझियातल्या बागेच्या तळ्यावर तुम्ही यायचात. तिथे मासे धरायला बंदी. तुम्ही हात मागे बांधून काठानं चालायचात आणि मला न् माझ्या मुलीला, ईराला, दाखवायचात, त्या पुलाच्या सावलीत असणार, त्या वळणावर नसणार. एकदा तुम्ही कालच्या खुबूस रोटीचा लिंबाएवढा गोळा मळून खिशातून आणलात. नुसतं बघायला, म्हणालात. तळ्यात टाकलात तोच शिट्टी वाजली. बागेचा पहारेकरी "ममनू, ममनू", म्हणजे बंदी आहे, असं ओरडत आला आणि तुम्ही चोरी पकडल्यासारखे त्याच्यापुढे उभे राहिलात, खाली मान घालून. पण तो बोलत असताना तुमची नजर पाण्यावर होती. "मोठा हाय. सावली बगितली म्या," त्याची पाठ फिरल्यावर म्हणालात. तुम्हाला इतकं खूश मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि मला मात्र रडू येत होतं. कशाचं ते तेव्हा कळलं नाही. समोर पाणी, पाण्यात मासा, हातात कला, आणि काठावर पाटी.

एकदा आपण ईराला घेऊन अल खोरच्या मासेमारी धक्क्यावर गेलो होतो. तिथे तारेचे घुमटासारखे पिंजरे रचून ठेवले होते, ज्यांना इथे गरगूर म्हणतात. पाण्याच्या टबात ठेवलेल्या एका पिंजऱ्यात हाताएवढा मासा राहून गेला होता. आत जायला नरसाळ्यासारखं तोंड होतं. तेच तोंड बाहेर यायलाही उघडं होतं. मासा मात्र कडेकडेनं फिरत होता, तारेला नाक लावत. ईरा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "व्हाय डझन्ट ही जस्ट गो बॅक द वे ही केम?"

"काय म्हनती पोरगी?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं, आला त्याच वाटेनं परत का नाही जात, असं विचारतेय.

तुम्ही हसलात. "हुशार हाय." आणि परत येताना अख्ख्या रस्त्यात काही बोलला नाहीत. नंतरच्या फेब्रुवारीत एका सकाळी तुम्ही सिग्नलला म्हणालात, "ताई, मला एक पत्र लिवून द्या इंग्लिशमदी. राजीनाम्याचं."

व्हॅनमधल्या सगळ्यांची पत्रं मी लिहायचे. सुट्टीचे अर्ज, पगाराचा दाखला, मुलाच्या शाळेचं. तुमचंही लिहायला घेतलं, तिथेच फोनवर. दोन महिन्यांची नोटीस म्हणजे एप्रिल संपताना तुम्ही घरी, आणि मे महिन्यात पाणी तळाला. सगळं तुम्ही मोजून ठेवलं होतंत. मी विचारलं, कारण काय लिहू?

"लिवा, पानी उतरायलंय, मला घरी जायाचंय."

"असं नाही लिहीत, बापू." मी लिहिलं, 'पर्सनल रीझन्स'.

"म्हंजी काय?"

"खाजगी कारण."

"खाजगी कशाला? सगळ्यास्नी सांगा की. म्या काय चोरी करायलोय?"

यावरून आपण आठवडाभर भांडलो. तुमचं म्हणणं, एकोणीस वर्षं गाडी चालवली, जाताना तरी खरं बोलून जाऊ द्या. माझं म्हणणं, एचआरमधल्या बाईला तुमच्या पाण्याशी काय करायचंय. ते भांडण मिटलं नाही. मी त्याच्या आडून दुसरंच केलं. मी म्हणाले, बापू, जूनला प्रोजेक्टचा हँडओव्हर आहे. तोपर्यंत थांबा. मध्येच सोडून गेलात तर कागदपत्रांवरून त्रास देतील. आणि तुम्हीच शिकवलंत ना? हिसका द्यायचा नाही. थांबायचं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मोठ्यांदा हसलात. "माजाच गळ मलाच लावला की वो!" मागचे तिघेही जागे झाले. "बरं. थांबू."

आता खरं सांगते. कागदपत्रांवरून कुणी त्रास देणार नव्हतं. तुमच्या जागी चार दिवसांत दुसरा ड्रायव्हर मिळाला असता, आता मिळालाच की. मला तुम्ही जायला नको होतात. घरी नवरा लॅपटॉपमधून मान वर काढत नाही, मुलगी मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते, ऑफिसात दिवसभर जीभ वाकडी करून बोलायचं. सकाळचा तो पाऊण तास एवढाच मला मोकळा मिळायचा, तोही गाडीत कोंडलेला. तो वाचवायला मी एका माणसाला त्याच्या घरापासून अडवून धरलं, आणि अडवायला त्याचीच शिकवण वापरली. मी वाईट बाई नाही, बापू, पण हे वाईट केलं.

मे महिना लागला. तुम्ही मधूनमधून विचारायचात, "पत्र हाय न्हवं?" मी म्हणायचे, आहे, आहे. मग एका मंगळवारी वाटेतल्या गराफाच्या ट्रॅफिक जाममध्ये तुम्ही एकदम म्हणालात, "ताई, तुमी अर्धंच शिकलाय बगा. थांबायचं त्ये मासा लागल्यावर. लागायच्या आदी नुसतं बसून ऱ्हायचं नसतं. जागा सोडायची असती." मी तेव्हा साइटवरचा मेल वाचत होते. "हो हो," म्हणाले. तुम्ही पुढे चिंचेचं सांगायला लागलात आणि माझा फोन वाजला.

त्या शुक्रवारी सकाळी चहा घेऊन तुम्ही खोलीवर आडवे झालात ते उठलाच नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मी ईराला घेऊन तळ्यावर तुमची वाट बघत होते. उशीर झाला म्हणून तुमच्यावर चिडलेही होते.

पुढचे चार दिवस मी कागदांत होते. दाखले, शिक्के, दूतावास, विमान. इंग्रजी येणारी बाई हवीच असते अशा वेळी. तुमच्या पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का बसलेला बघितला. एकोणीस वर्षं जे जमत नव्हतं ते चार दिवसांत झालं, कुणी अडवलं नाही, कुणी हँडओव्हरचं विचारलं नाही. मला तुमच्याबरोबर यायचं होतं. रजा मागितली. जूनपर्यंत शक्य नाही म्हणाले.

आठव्या दिवशी तुमच्या घरून काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज मी तोपर्यंत फक्त तुमच्या फोनच्या स्पीकरवर ऐकला होता. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, एक इचारू? त्यांच्या मनात काय हुतं का वो? तुमच्यापाशी काय बोलले का?"

पत्र माझ्या हातातल्या फोनमध्येच होतं. मी म्हणाले, "नाही काकू. काही नाही. मजेत होते."

"हां," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

त्यानंतर मला धड जेवण गेलं नाही. सांगावं तर त्या बाईला जन्मभर वाटत राहणार की माणूस येत होता आणि कुणीतरी अडवला. न सांगावं तर तुम्ही शेवटी घरी जायला निघाला होतात, हे जगात माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. दोन्हीकडून पिंजऱ्याची तारच. मी रोज व्हॅनमध्ये ड्राफ्ट उघडायचे, वाचायचे आणि बंद करायचे. काल सकाळी त्याच गराफाच्या जाममध्ये गाडी अर्धा तास जागची हलली नाही, आणि मी काकूंना फोन लावला. मी आले होते त्याच वाटेनं परत जायचं ठरवलं होतं, इतकंच.

सगळं सांगितलं. पत्र, जून, थांबा म्हणाले ते, का म्हणाले तेही. नवा ड्रायव्हर तिरक्या नजरेनं बघत होता, कारण मी रडत होते.

"मला ठावं हाय," काकू म्हणाल्या.

"काय?"

"पत्राचं. त्यांनीच सांगितलं हुतं. ताईंनी लिवून ठेवलंय म्हनले. धाडू का, म्हनून मला इचारलं. म्याच म्हनलं, ताई म्हनत्यात तर थांबा की. आपल्या घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब पडू द्या. येऊन काय करनार, मासंच धरनार न्हवं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी त्या दिशी म्हनला, काय बोलले न्हाईत. मला बरं वाटलं बगा. म्हनलं, माजं गाऱ्हानं तरी केलं न्हाई कुनापाशी."

"नाही केलं, काकू. कधीच नाही." हे खरं होतं, बापू. तुम्ही तुमच्या हिसक्याशिवाय कुणालाच कधी दोष दिला नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "वाचा की. काय लिवलंय बगू."

मी एक एक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. महोदय, मी इतकी वर्षं आपल्याकडे काम केलं. आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. मग ते दोन शब्द आले. मी ते वाचलेच नाहीत. मी म्हणाले, "पाणी उतरायला लागलंय, मला घरी जायचंय."

"असं लिवलंय?"

"त्यांनी असंच सांगितलं होतं."

आता मात्र काकू रडल्या. पोटभर रडल्या आणि मग नाक ओढून म्हणाल्या, "औंदा लई उतरलं हुतं वो पानी. उंबरा उगडा पडला. थोरला ल्योक होडीबी न घेता ग्येला, चिखलातनं. त्यांची राख तितंच ठिवली त्यानं. उंबऱ्याच्या भाईर न्हाई, आत." मग म्हणाल्या, "आता वरच्या अंगाला पाऊस झालाय. परवापास्नं पानी चढायलंय."

पुढची गाडी हलली. मागून हॉर्न आले. ड्रायव्हर हळूच "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला, स्वतःशीच, आणि आम्ही दहा फूट पुढे जाऊन परत थांबलो.

फोन ठेवल्यावर मी ड्राफ्ट उघडला. 'पर्सनल रीझन्स' खोडलं. तुम्ही सांगितलं होतंत ते लिहिलं, साध्या इंग्रजीत, जसंच्या तसं. भांडण तुम्ही जिंकलात. खाली तुमचं पूर्ण नाव नीट तपासलं.

तारीख मात्र फेब्रुवारीचीच राहू दिली.